गल्लीतली बेकरी खरंच चांगली की नुसतीच गाजलेली, हे पहिल्या खेपेत कसं ओळखायचं?

नवी_बिऱ्हाडकरीण

पुण्यात कर्वेनगरात नुकतंच बिऱ्हाड हलवलंय. चालत जाण्यासारख्या अंतरावर चार बेकऱ्या आहेत, शिवाय दोन किराणावाले सकाळी पाव ठेवतात. नेटवर बघितलं तर चारही बेकऱ्यांना ४.१ ते ४.४ तारे. अभिप्राय सगळे 'केक मस्त', 'पार्किंग नाही', 'मालक उद्धट' या धर्तीचे आणि सोबत वाढदिवसाच्या केकचे फोटो. पाव कसा असतो, खारी कधी येते, टोस्ट आतून कच्चा असतो का, यावर कुणी अवाक्षर काढलेलं नाही. आमच्याकडे केक क्वचित. पाव, खारी, टोस्ट मात्र दर आठवड्याला लागतात. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यामुळे तेही बघावं लागतं.

तर जाणकारांना विचारायचंय की पहिल्या खेपेत काय घेऊन बघावं, काउंटरवर काय विचारावं आणि नेटवरच्या अभिप्रायांतलं नेमकं काय खरं धरावं? किराण्यातला पाव आणि बेकरीतला पाव यांत काही फरक असतो का? 'सगळीकडे सारखंच असतं हो' हे उत्तर नको, ते घरात मिळालेलं आहे.

---

मैदा_मीठ_पाणी

ताई, पहिल्या खेपेला केक-पेस्ट्रीच्या काचेकडे बघूच नका. क्रीमखाली बरंच काही झाकता येतं. पावाला झाकायला काहीच नसतं. मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, चिमूटभर साखर, थोडं तेल, संपला कारभार. म्हणून पावाची एक लादी घ्या आणि ती दुपारच्या भट्टीची घ्या. बऱ्याच बेकऱ्यांत पाव दोनदा निघतो, पहाटे आणि दुपारी तीन-चारच्या सुमाराला. 'पाव कधी निघतो?' एवढंच विचारा. 'साडेतीनला या' असं नेमकं उत्तर आलं तर भट्टी बहुधा तिथेच मागे आहे. 'सकाळीच येतो' असं आलं तर भट्टी दुसरीकडे आणि हे नुसतं विक्रीचं दुकान. त्यात वाईट काही नाही, पण मग तुमची वेळ त्यांच्या टेम्पोच्या वेळेवर ठरते.

लादी घरी आणली की लगेच कापू नका. गरम पाव आतून चिकट लागतोच, तो दोष नव्हे. भट्टीतून निघाल्यावर अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग दोन पाव एकमेकांपासून सोडवा आणि फाटलेल्या बाजूकडे नीट बघा. पीठ नीट मळलेलं आणि पुरेसं फुगू दिलेलं असेल तर तिथे लांब, रेशमी धागे सुटतात. धागे न सुटता भुगा पडला तर पीठ कमी मळलंय किंवा मैदा कमजोर आहे. आता वरून बोट दाबून सोडा. खड्डा हळूहळू भरून आला पाहिजे. तसाच राहिला तर पाव आत कच्चा आहे किंवा जास्त फुगून गेलाय. जास्त फुगलेल्या पावाची आणखी खूण म्हणजे वरचं कवच सुरकुतलेलं, रंग फिका आणि वासाला आंबूस, दारूसारखी झाक. यीस्टने साखर खाऊन टाकलेली असते, रंग धरायला काही उरत नाही. उलट कमी फुगलेला पाव जड लागतो आणि कडेला तडकलेला असतो.

पाव उलटा करून बूडही बघा. फिकट सोनेरी हवं. काळं बूड म्हणजे खालची आच जास्त किंवा पत्र्यावर जुनं तेल जळून बसलंय. बुडाला राख किंवा काजळीचे कण असतील तर भट्टीची फरशी पोतेऱ्याने पुसत नाहीत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'किती हलका आहे!' यावर. पाव कापसासारखा हलका, तोंडात घातला की चिकट गोळा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुसा. हा घाईचा पाव. हिशेब असा: १ किलो मैद्याला साधारण ५८० ते ६०० मिली पाणी, १५ ते २० ग्रॅम मीठ, २० ते ४० ग्रॅम साखर, २० ते ३० ग्रॅम तेल. ओलं यीस्ट १५ ते २० ग्रॅम घातलं तर मळण्यापासून भाजण्यापर्यंत दोन-तीन तास. ते निम्म्यावर आणलं तर चार-पाच तास लागतात, पण चव येते आणि पाव दुसऱ्या दिवशीही टिकतो. ज्याला तासाभरात माल काढायचाय तो यीस्ट दुप्पट करतो आणि इम्प्रूव्हर (पीठ सुधारणारी तयार भुकटी) वाढवतो. वजनावरूनही कळतं. ४५ ग्रॅम कच्च्या गोळ्याचा भाजून ४० ग्रॅमच्या आसपास पाव होतो, बाकी पाणी उडतं. आकार तोच आणि वजन तीसच्या खाली असेल तर तुम्ही हवा विकत घेताय. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अख्खी लादी ठेवा, पावांच्या संख्येने भागा. चार बेकऱ्यांची तुलना एका संध्याकाळी होते.

इम्प्रूव्हर शब्दाला घाबरू नका मात्र. पोटॅशियम ब्रोमेटवर २०१६ साली देशात बंदी आली. आता पाकिटावर मुख्यतः अॅस्कॉर्बिक अॅसिड म्हणजे क जीवनसत्त्व आणि एन्झाइम्स दिसतात. 'आम्ही काहीच घालत नाही हो' म्हणणाऱ्यापेक्षा पाकीट दाखवणारा बेकरीवाला मला जास्त भरवशाचा वाटतो.

शेवटचं: गरम लादी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून देणारी बेकरी असेल तर पिशवी घरी नेईपर्यंत उघडी ठेवा. आत घाम धरतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी. चांगल्या ठिकाणी पाव फळीवर निवू देतात, गिऱ्हाईक घाई करत असेल तर सरळ वर्तमानपत्रात... नको, तेही नको. छापील शाई अन्नाला लागू नये म्हणून त्यालाही मनाई आहे. कोरा कागद किंवा घरून कापडी पिशवी.

---

खारीवाली

पावावर वरच्यांनी सगळं सांगितलंय, मी कोरड्या मालाकडे वळते. तिथे ताजेपणापेक्षा तूप-तेल महत्त्वाचं.

खारी घेतली की मधोमध मोडा. पापुद्रे एकमेकांपासून सुटे दिसले पाहिजेत आणि अगदी मधला पापुद्राही कोरडा हवा. बऱ्याच ठिकाणी बाहेरून तांबूस आणि मधे पांढरट, ओलसर पट्टा असतो. तो कच्चा राहिलेला भाग. आच जास्त ठेवून लवकर काढली की असं होतं. हीच खारी दोन दिवसांत मऊ पडते, कारण आतलं पाणी बाहेर येतं. मग गिऱ्हाईक म्हणतं 'पावसाळी हवा', आणि बेकरीवाला मान डोलावतो.

खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो का ते बघा. पापुद्रे सुटावेत म्हणून वापरायचं मार्जरिन (लोण्याऐवजी वापरायचं घट्ट केलेलं तेल) मुद्दाम कडक बनवलेलं असतं. ते शरीराच्या उष्णतेलाही पुरतं वितळत नाही, म्हणून थर बसतो. पूर्वी यावरून ट्रान्स फॅटचा, म्हणजे हृदयाला वाईट अशा चरबीचा, संशय घ्यायचे. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आलीय, त्यामुळे आता हा थर बहुतेक पामतेलाच्या कडक भागाचा असतो. विष नाही, पण चहाबरोबर रोज चार खाण्यासारखंही नाही. लोण्याची खारी असा थर धरत नाही आणि किमतीत लगेच कळते. मार्जरिनच्या भावात कुणी 'बटर खारी' विकत असेल तर नावावर जाऊ नका.

खवट वासासाठी खारीचा नव्हे, बरणीचा वास घ्या. काउंटरवरच्या मोठ्या बरणीत तळाला चुरा साठतो. वरून नवा माल ओततात, तळ कधी रिकामा होतच नाही. त्या चुऱ्यातलं तूप हवा लागून खवट होतं आणि त्याचा वास नव्या मालाला लागतो. जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तिथून खारी, नानकटाई, बटर काहीच घेऊ नका. 'ट्रेमधली द्या' म्हणून बघा. ट्रे आतून आणला तर ठीक, 'एकच आहे हो' म्हणाले तर बरणीच आहे.

टोस्ट दोनदा भाजलेला असतो. आधी ब्रेड भाजायचा, एक दिवस ठेवायचा, मग कापून मंद आचेवर, शंभर-एकशेवीस अंशांना, तासन्तास वाळवायचा. आडवा मोडून कडेपासून मधापर्यंत एकच रंग आहे का बघा. मधला भाग पांढरा आणि चिवट असेल तर वाळवण अर्धवट. असा टोस्ट चहात बुडवल्यावर कडा विरघळतात आणि मधला तुकडा तसाच राहतो. टोस्ट शिल्लक ब्रेडचा करतात अशी तक्रार अभिप्रायांत नेहमी दिसते. शिळ्या ब्रेडचाच टोस्ट चांगला होतो, त्यात लबाडी नाही. लबाडी बुरशी आलेल्या ब्रेडची, आणि ती वासाला लपत नाही.

'ब्राऊन' टोस्ट किंवा ब्रेडबद्दल एकच: पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मैदा आणि यादीत कुठेतरी कॅरामल किंवा १५० पासून सुरू होणारा आकडा असेल तर तो तपकिरी रंग मुख्यतः कॅरामलचा.

सासूबाईंसाठी: खारी आणि पॅटिसच्या कणकेत अंडं बहुतेक नसतं, पण वरची चकाकी कुठून येते ते विचारा. 'एगलेस आहे का?' विचारलं तर सरसकट 'हो' येतं. 'वरून ब्रश कसला मारता?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. अंड्याचा हात फिरवलेला माल गडद सोनेरी आणि काचेसारखा चमकतो. दूध किंवा साखरपाणी फिरवलेला फिका आणि मंद. रंगावर पूर्ण विसंबू नका, विचाराच. आणि ज्या बेकरीत अंड्याचे आणि बिनअंड्याचे केक दोन्ही होतात तिथे भांडी आणि फेटणी वेगळी आहेत का, हेही. पाकीटबंद माल शाकाहारी असेल तर त्यावर हिरवा ठिपका असतोच. अंडं असेल तर तपकिरी त्रिकोण.

---

वजनकाटा

कागदोपत्री बाजू थोडक्यात.

अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी दुकानात दिसेल अशी लावलेली हवी. क्रमांक १४ आकडी. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. महाराष्ट्रातल्या राज्य परवान्यांत पुढचे दोन आकडे १५ असतात. बिलावरही हा क्रमांक छापलेला पाहिजे. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का हे दिसतं. दुसऱ्याच पत्त्याचा निघाला तर भट्टी तिथे असू शकते, लगेच चोर ठरवू नका.

जीएसटी: पाव-ब्रेडवर शून्य. टोस्टवर ५ टक्के. केक, पेस्ट्री, बिस्किटं, खारी यांवर पूर्वी १८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. अजून कुणी १८ लावत असेल तर बिल मागा. छोटी बेकरी कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांसाठीची सोप्या कराची योजना) असेल तर तिला गिऱ्हाईकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं बिलावर नमूद करावं लागतं. 'साधं बिल आहे पण जीएसटी लागेल' हे वाक्य ऐकलं की समजा काहीतरी गडबड आहे.

वजन: खोक्यासकट तोलायचं नाही. नानकटाई, खारी पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून मग काट्यावर ठेवतात. जाड खोक्याचं वजन सहज ५० ग्रॅमच्या पुढे जातं. पाव किलोत ५० ग्रॅम म्हणजे पाचवा हिस्सा पुठ्ठा झाला. आधी रिकामं खोकं ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. केकचं तेच, खालचा जाड गोल पुठ्ठा वजनात धरायचा नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी वैधमापन खात्याकडून पडताळणी होते, प्रमाणपत्र दुकानात असतं.

तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्नाच्या दर्जाबद्दल असेल तर अन्न व औषध प्रशासन. बिल आणि मालाचा फोटो दोन्ही लागतात, त्यामुळे बिल न घेता तावातावाने एक तारा देणाऱ्यांच्या तक्रारीचं पुढे काही होत नाही.

---

गिरगावचा_चहाबाज

पुण्याचं माहीत नाही, पण मुंबईतल्या बेकऱ्यांवरच्या अभिप्रायांत गेल्या काही काळात एक वाक्य सारखं येतं: 'भट्टी बदलली आणि चव गेली.' त्यात किती तथ्य आहे ते सांगतो, कारण हे लोण तुमच्याकडेही येईल.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. महापालिकेने नोटिसा काढल्या. कारण हवेचं प्रदूषण, आणि त्यातही भंगारातलं लाकूड. जुनं फर्निचर, रंगवलेलं प्लाय, व्हीनियर हे स्वस्त मिळतं म्हणून जाळतात, त्याचा धूर साध्या लाकडापेक्षा वाईट.

आता चवीचं. लोकांना वाटतं धुराची चव गेली. जुन्या विटांच्या भट्टीत आधी जाळ करतात, विटा तापल्या की निखारे बाजूला ओढतात, फरशी पुसतात आणि मग पाव आत जातो. म्हणजे पावाला धूर फारसा लागतच नाही. खरा फरक विटांत साठलेल्या उष्णतेचा. ती खालून लागते, सगळीकडून लागते आणि हळूहळू उतरत जाते. त्या उतारावरच बेकरीचं वेळापत्रक बसवलेलं असतं. कडक आचेला ब्रून (जाड, कडक सालीचा पाव) आणि पाव, मग बिस्किटं, नानकटाई, आणि शेवटी निवत्या भट्टीत रात्रभर टोस्ट. गॅसच्या किंवा विजेच्या ओव्हनमध्ये हा उतार आपोआप मिळत नाही, प्रत्येक मालाला तापमान वेगळं लावावं लागतं. पंखा फिरणारा ओव्हन असेल तर वारा पावाचं कवच लवकर सुकवतो आणि ब्रूनला हवी ती जाड, कडकडीत साल येत नाही. पहिली काही मिनिटं वाफ सोडली तर येते. खाली दगड असलेला डेक ओव्हन घेणाऱ्यांचा ब्रून पुष्कळ जवळ जातो.

त्यामुळे 'ओव्हन बदलला' असं कळलं तर लादी पाव नव्हे, ब्रून घेऊन बघा. नखाने वाजवला तर पोकळ आवाज आला पाहिजे, मोडताना साल तडतडून तुकडे उडाले पाहिजेत. साल चामड्यासारखी वाकली तर वाफ चुकतेय. ब्रून सकाळचा सकाळीच. दुपारपर्यंत आतला ओलावा सालीत येतो आणि कितीही चांगला असला तरी मऊ पडतो. संध्याकाळी ब्रून घेऊन 'कडक नाही' म्हणून दोन तारे देणारे वाचले की हसू येतं.

---

बार्देशी_पोय

गोव्याकडची थोडी भर. आमच्याकडे बेकरीला जायची पाळी कमी, पोदेर म्हणजे पाववालाच सायकलवर हॉर्न वाजवत दारात येतो, सकाळी आणि संध्याकाळी. पण पारख करावी लागतेच, विशेषतः पोयची, म्हणजे गोव्याच्या गोल, पोकळ पावाची.

पोय कोंड्याची म्हणून लोक 'हेल्दी' समजून घेतात. वरून कोंडा भुरभुरलेला दिसला म्हणजे आत आहेच असं नाही. फाडून बघा: आतल्या बाजूला करडे-तपकिरी ठिपके दिसले तर पिठात कोंडा आहे, पांढरीशुभ्र निघाली तर मैद्याची पोय आणि वरून पावडर लावलीय. चांगली पोय आत पोकळ असते, पिशवीसारखी उघडते. उघडली नाही तर भट्टी तापलेली नव्हती. एकदम कडक आच लागली तरच आतली वाफ दोन पदर वेगळे करते. पूर्वी सुरेवर, म्हणजे माडाच्या ताडीवर, आंबवायचे, आता जवळपास सगळे यीस्टवर. कातरो आणि उंडो हे मैद्याच्या पावाचे वेगळे आकार. बांगडीच्या आकाराचं काकण मात्र कडक भाजतात, ते दोन-तीन दिवस राहतं. पोय त्याच रात्री संपवा किंवा दुसऱ्या दिवशी तव्यावर कोरडी भाजा.

---

मैदा_मीठ_पाणी

किराण्याचा प्रश्न राहिला होता. पाव बहुतेक वेळा जवळच्याच बेकरीचा असतो. पहाटे क्रेट येतो आणि रात्रीपर्यंत तिथेच असतो. म्हणजे सकाळी सातला किराण्यातला पाव बेकरीइतकाच ताजा, संध्याकाळी सहाला मात्र बारा तासांचा, आणि तेव्हा बेकरीत दुपारच्या भट्टीचा असतो. पाकीटबंद ब्रेड घेताना मागच्या रांगेतला काढा. पुढे जुना लावतात, हे सगळीकडेच. सुटी खारी-टोस्ट किराण्यात घेऊ नका. बरणी उदबत्ती आणि साबणाच्या शेजारी असते, मैदा-तूप तो वास ओढून घेतात.

उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग बेकरीला शिव्या घालतात, हेही अभिप्रायांत फार. पाव शिळा होतो तो पाणी उडाल्याने कमी आणि पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट बसल्याने जास्त, आणि ते शून्य ते पाच अंशांत सर्वात वेगाने होतं. बाहेर डब्यात एक दिवस, नाहीतर सरळ फ्रीजरमध्ये. काढल्यावर पाण्याचा हबका मारून झाकणाखाली तव्यावर दोन मिनिटं. मऊ पडलेली खारी ओव्हनमध्ये १५० अंशांना पाच-सहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये चिवट होते.

एक दोष मात्र बेकरीचाच आणि गंभीर. मे महिन्यात किंवा पावसाळी उकाड्यात ब्रेडला पिकून गेलेल्या फळासारखा गोड वास येतो, आतला गर चिकट होतो आणि ओढल्यावर बारीक तार सुटते. बुरशी दिसत नाही, म्हणून लोक खातात. हे जिवाणूंचं काम, त्यांचे बीजाणू मैद्यात असतात आणि ब्रेडच्या आतलं तापमान शंभराच्या खाली राहत असल्याने भाजूनही मरत नाहीत. खाऊ नका, परत न्या आणि सांगा. शहाणा बेकरीवाला त्या दिवशी पत्रे, परात, टेबल व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन काढतो आणि मैद्याचं पोतं बदलतो. वाद घालणाऱ्याकडे पुन्हा जायचं कारण नाही.

---

खारीवाली

आणि नेटवरचे अभिप्राय. तारे सोडून द्या. 'सर्वात नवे आधी' लावा आणि शोधाच्या चौकटीत 'पाव', 'खारी', 'शिळा' असे शब्द टाका, मराठीत आणि इंग्रजी लिपीत दोन्ही. गिऱ्हाइकांनी टाकलेल्या फोटोंत केक नको, मागचे ट्रे आणि बिल बघा. तक्रारीत वार आणि वेळ असेल तर ती वजनदार. सोमवारी सकाळी शिळं मिळालं असं तिघं म्हणत असतील तर रविवारी भट्टी बंद असते हे कळलं, बाकी दिवशी माल चांगलाही असेल. 'दुपारी दुकान बंद होतं' ही पुण्यात तक्रार नव्हे, भूगोल आहे. उलट चारला उघडणाऱ्या दुकानात चारलाच जा, पाव तेव्हाच निघालेला असतो.

स्वतः लिहाल तेव्हा असं लिहा: 'बुधवार, सायं. ४.१५. लादी पाव, एक पाव ३९ ग्रॅम, गरम, बूड स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सकाळी मऊ होता. खारी मधे कच्ची. नानकटाई खोक्यासकट तोलली, सांगितल्यावर खोकं वजा केलं.' चार ओळी, पण पुढच्याला निर्णय घेता येतो आणि बेकरीवाल्यालाही काय दुरुस्त करायचं ते कळतं.

---

नवी_बिऱ्हाडकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्या चारला काटा काढून बसते. पॅटिसबद्दल कुणीच बोललं नाही, मुलांची उडी नेमकी त्याच्यावर असते. काचेच्या गरम पेटीत दिवसभर दिसतात, ते घ्यावेत का?

---

मैदा_मीठ_पाणी

पेटीवर अवलंबून आहे. आत पिवळा दिवा आहे म्हणजे पेटी गरम आहे असं नाही. बऱ्याचदा एक साधा बल्ब असतो, त्याने माल कोमट राहतो, आणि बटाट्याच्या सारणाला कोमट म्हणजे सगळ्यात वाईट. सारण ६० अंशांच्या वर राहिलं तर जिवाणू वाढत नाहीत. हाताला चटका बसेल इतका पॅटिस गरम हवा. नुसता उबदार असेल तर कधी आला ते विचारा आणि दोन-तीन तासांच्या वर गेला असेल तर सोडा.

घेतलात तर मोडून सारणाचा वास घ्या. बटाटा आंबला की मसाल्याआडूनही कळतो, आणि सारण सैल, पाणी सुटल्यासारखं दिसतं. खालचा पापुद्रा ओला लगदा झालेला असेल तर सारण गरम असतानाच भरलंय. गार सारण भरलं तर खालची बाजूही कुरकुरीत राहते. मुलांना दुपारच्या भट्टीबरोबर निघालेला द्या. मटण-चिकन पॅटिस पेटीतला मुळीच नको, तो ट्रेमधूनच.